चौऱ्याऐंशीव्या भागानंतर

मालिका मंगळवारी रात्री असते.
बुधवारी सकाळी गिरेसुनच्या कारखान्यात
पट्टा सुरू व्हायच्या आधी भांडण सुरू होतं.
आम्ही सोळा बायका, डोक्याला जाळ्या, हातात मोजे.
समोरून हेझलनट वाहत येतात,
किडके, पोचट, सुरकुतलेले तेवढे वेचून टाकायचे.
तोंड रिकामंच असतं.

"घरी आला आणि कोट काढला नाही," शुक्रिये म्हणाली.
"स्वतःच्या घरात कुणी कोट घालून बसतं?
संपलं त्यांचं."
"थंडी होती," पेरिहान म्हणाली.
"कसली थंडी! मुअल्ला बिनबाह्यांच्या झग्यात होती!"
"बघितलं की तिच्याकडे. चांगलं चौदा सेकंद."
"अकरा. मी मोजले.
गेल्या वर्षी दवाखान्यात एकोणतीस सेकंद बघत होता."

एझ्गी सगळ्यांत लहान, नुकतं लग्न ठरलेली.
तिचं म्हणणं, लेखक बदललाय,
नव्या लेखकाला बायको सोडून गेली असणार.
पेरिहानला पक्की बातमी होती की
सेटवर नट-नटीचंच वाजलंय.
असं काही ऐकलं की आम्हाला बरं वाटतं.
तारिक आणि मुअल्ला निर्दोष सुटतात.

मग मी बोलले.
म्हटलं, त्यालाच काय धरून बसलात?
त्र्याऐंशी भाग ती त्याच्या बशीत
साखरेचे दोन खडे स्वतः ठेवत आली.
काल तिने साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.
नुसतं सरकवलं.
आलं कुणाच्या लक्षात?

नव्हतं आलं.
पट्टा क्षणभर गप्प झाला,
त्यात एक किडका दाणा पुढे निघून गेला.
मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

नाझमियेचा नवरा एकोणीस वर्षं ड्युसबर्गला होता.
ती सहसा तोंडात मिठाची गुळणी धरून काम करते.
म्हणाली, "माझा नाताळच्या सुट्टीत यायचा.
आल्या आल्या कोट काढायचा, बूट काढायचा,
सगळंच काढायचा."
आम्ही हसलो.
"दहाव्या दिवशी परत घालायचा.
कोटावरून काही कळत नसतं, बायांनो."
आता कुणी हसलं नाही.
"निघताना तारिक काय म्हणाला, आठवतंय?
दार आतून लाव.
एवढं जरी मला कुणी..."
पुढचं यंत्राच्या आवाजात गेलं,
की तिनेच जाऊ दिलं.

हे प्रेम की सवय,
यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन तट पडले.
शुक्रियेने पेरिहानशी अबोला धरला,
तिच्याच डब्यातली लोणच्याची मिरची खात.

रात्री मी निहातला चहा दिला.
तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
मालिका बघत नाही, पेपर वाचतो.
बशीत दोन खडे ठेवले,
जरा वाजतील असे ठेवले.
"अगं, मी साखर सोडली," तो म्हणाला.
"कधी?"
"मार्चमध्ये. डॉक्टर म्हणाले."
"आणि रोज मी ठेवते ते?"
"उठताना परत डब्यात टाकतो.
तू ठेवतेस, मग नको कसं म्हणू."

मार्चपासून.
म्हणजे तेच दोन खडे असतील,
कडा झिजलेले, शाईच्या बोटांचे,
मीच काढायचे, तोच परत टाकायचा.
आणि अकरा सेकंद मोजणारी ती मीच होते बरं का,
मघाशी सांगायचं राहिलं.

मी भांडी विसळत राहिले.
पेपरामागून बऱ्याच वेळाने आवाज आला,
"पण त्याने कोट का नाही काढला?"

"थंडी असेल," मी म्हटलं.